दुकानातला कापूस

१० जानेवारी, अमरावती. संध्याकाळ.

प्रवेश जुलैतच घेतला होता, पण वर्गात बसले ते या आठवड्यात. बाबा गेल्यापासून तेल्हाऱ्याच्या शेतात आई आणि मी दोघीच. कापसाचे दोन वेचे होईपर्यंत निघताच आलं नाही. आता इथं सगळ्यांच्या जोड्या ठरल्यात. प्रॅक्टिकलला मी एकटी.

आज सरांनी परीक्षानळ्यांच्या तोंडात घालायचे बोळे करायला कापूस दिला. दुकानातला, पांढराशुभ्र. माझी बोटं त्यात वाळल्या पानांचा कचरा शोधू लागली. ओढणी शेतात वेचताना खोचते तशी कमरेला कधी खोचली आणि कापूस तिच्यात कधी टाकत गेले, मलाच कळलं नाही. शेजारच्या टेबलावरची रुखसाना हळूच म्हणाली, "काय करून राहिली वं?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सहाला गावातल्या शेजारच्या काकूंच्या फोनवर आईशी बोलले. म्हणाली, "तिसरा वेचा झाला माय. तू अभ्यास कर." झाला? चार एकर, एकटीनं, पाच दिवसांत? मला काय माहीत नाही? पण विचारलं नाही. तिनं विचारलं, "मैत्रिणी भेटल्या का तुले?" मी म्हटलं, "लय भेटल्या." तिनंही पुढं विचारलं नाही.

आत्ता ओढणी धुवायला काढली, तर खोचलेल्या टोकात सरांचा कापूस तसाच. उजेडात धरून पाहिला. वेचून काढावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी बोटं थांबेनात.