तुझी गाडी कोपऱ्यात सुखरूप आहे

चि. सौ. काडी हिस,

तुझ्या भावोजींचे मनापासून आशीर्वाद. पत्र अशासाठी लिहितोय की तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "गाडी कुठाय?" एवढं विचारून ठेवून देतेस. (या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नाही. त्याला पार्श्वभूमी लागते.) इकडे सर्व ठीक. तुझ्या ताईच्या गुडघ्याची सूज उतरली, राग उतरलेला नाही. तुझ्या शिवणवर्गात यंदा किती जणी आहेत? यजमानांचं पित्त कसं आहे? त्यांना माझा नमस्कार सांग. "हिला या जन्मात लायसन मिळायचं नाही" असं ते अजून चारचौघांत म्हणतात का? म्हणत असले तर म्हणू देत. सोमवारी तुझी गाडी चालवण्याची परीक्षा आहे हे मी विसरलेलो नाही. तुझा हात त्याच एका गाडीवर बसलाय, ती तू स्वतःच्या शिलाईच्या कमाईतून घेतलीस, आणि मी ती दोन दिवसांत परत देतो म्हणून नेली, हेही विसरलेलो नाही.

गाडी सुखरूप आहे. हे वाक्य दोनदा वाच, पाणी पी आणि मग पुढे वाच.

माझ्या फ्रेमच्या दुकानामागे वजनमापे खात्याची मोकळी जागा आहे, ती तू पाहिलीस. गंजलेला एक काटा, चार कुत्री आणि "अतिक्रमण करू नये" अशी पाटी, एवढीच तिथली वस्ती. त्या जागेवर सामायिक वाहनतळ काढायचं सरकारच्या मनात आलं. सामायिक म्हणजे काय, तर दिवसा कचेरीवाल्यांच्या गाड्या, संध्याकाळी दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांच्या आणि रात्री आसपास राहणाऱ्यांच्या. जागा एक, पाळ्या तीन. हे सगळं सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून, म्हणजे जमीन सरकारची आणि डोकेदुखी आपली. जाहिरात फळ्यावर लागली होती. सगळ्यांनी ती पुढून वाचली, मी उलटून मागूनही वाचली. (मागे काही नव्हतं, पण खात्री केलेली बरी.) शेजारचा सलूनवाला भागीदार झाला. भागीदारीत त्याची हिंमत आणि माझी भूमिती.

अट एकच होती. या जागेत चाळीस गाड्या उभ्या राहतात हे पाहणी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवायचं, मग महिनाभर चालवायचं आणि मग करारावर सही. आमच्या आधी एका पदवीवाल्याने नकाशा दिला होता, अठ्ठावीस गाड्यांचा. त्यात बाण होते, गोल गोल झाडं होती आणि मधला निम्मा कागद कोरा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, हा रस्ता. मला हसू आवरेना. काडे, मी काचा कापणारा माणूस. अख्ख्या काचेतून तुकडे काढताना बोटाएवढी पट्टी वाया गेली तर मला रात्री डोळा लागत नाही. भूमिती मी कोणाच्या पुढ्यात बसून शिकलो नाही. रद्दीतून घेतलेल्या, पुठ्ठा फाटलेल्या पुस्तकावरून शिकलो, त्यामुळे आभार मानायचे तर कोणाचे हेही मला ठाऊक नाही. मी पुठ्ठ्याचे चाळीस चौकोन मापात कापले आणि जागेच्या नकाशावर मांडले. बसले! असे बसले की वर हात फिरवला तरी सांधा लागू नये. तुझ्या ताईला दाखवलं. ती म्हणाली, "आणि दारं कुठून उघडायची?" बायकांना बारकाव्यांत शिरायची सवय असते, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

आता चाळीस गाड्या दाखवायच्या म्हणजे चाळीस गाड्या हव्यात. ओळखीपाळखीत हात पसरले आणि त्यातच तुझ्याकडे आलो. "एका सार्वजनिक कामासाठी" असं मी तेव्हा म्हणालो होतो, त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. घरच्या माणसाचा मान म्हणून तुझी गाडी सगळ्यांत आधी आत घेतली आणि सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात लावली. (फ्रेमचा जीव कोपऱ्यात असतो. कोपरा सरळ तर सगळं सरळ.) डावीकडे बाजूची भिंत, मध्ये दोन बोटं. डिकीमागे मागची भिंत, तिथे मात्र अडीच फूट मोकळे सोडले, कारण तसबीर कधी भिंतीला चिकटवू नये, ओल धरते. मी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, शिस्तीने सगळी दारं आतून लावली आणि आरशात भांग पाहत होतो, एवढ्यात सलूनवाल्याने उत्साहाच्या भरात दुसरी गाडी माझ्या उजव्या दाराला आणून लावली. मध्ये दोन बोटं. मापात चूक काढायला जागा नव्हती, माप मीच दिलं होतं.

म्हणजे मी आत राहिलो. पण पुढाऱ्याने एका जागी बसून सूत्रं हलवावीत हे बरंच असतं. मी हॉर्नवर काम सुरू केलं. एकदा वाजला की डावीकडे, दोनदा वाजला की उजवीकडे, लांब वाजला की थांब. एकोणचाळीस गाड्या अशा बसल्या, काडे, की काही विचारू नकोस! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (काच बंद होती, उकडतही होतं.) चाळिसावी गाडी सलूनवाल्याच्या मेव्हण्याची यायची होती, ती आली नाही. अधिकारीसाहेब फाटकात उभे. पण त्या दृश्याने ते इतके हरखले होते की म्हणाले, "अहो, एकच ना? आमची जीप घ्या की!" ड्रायव्हरने सरकारी जीप फाटकाच्या तोंडात अशी नेमकी घातली की कुलपात किल्ली बसावी. टाळ्या झाल्या. मी आतून टाळ्या वाजवल्या.

मग साहेब म्हणाले, "छान. आता यातली एखादी गाडी बाहेर काढून दाखवा."

सलूनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाड्यांकडे पाहिलं. काडे, आयुष्यभर मी फ्रेमा केल्या, पण आत बसवलेलं चित्र बाहेर कसं येणार, असं एकाही गिऱ्हाइकाने मला आजवर विचारलं नव्हतं! ड्रायव्हर मात्र शांत होता. म्हणाला, "आधी मी निघतो, मग पाठोपाठ सगळे निघतील." त्याने रिव्हर्स टाकला. जीप खाकरली, पोटातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि तिने फाटकात देह ठेवला.

सरकारी गाडीला खाजगी हात लावता येत नाही. सलूनवाला ढकलायला धावला, तर साहेबांनी त्याला हवेतच थांबवलं. वाहन विभागाला कळवलं, तिथून उत्तर आलं की या क्रमांकाची जीप दोन वर्षांपूर्वीच मोडीत निघाली असून ती आता अस्तित्वात नाही. मग जी जीप नाहीच ती हलवण्याचा हुकूम कोण काढणार? साहेब दोन वर्षं कशात बसून फिरत होते, याचीच आता स्वतंत्र चौकशी सुरू आहे.

माझी सुटका त्याच संध्याकाळी झाली. डिकीचा खटका सीटजवळ असतो, तो मी ओढला आणि सीट ओलांडून मागे सरकलो. सलूनवाला भिंतीवरून उतरून मला पायांकडून ओढायला लागला. कमरेपर्यंत आलो आणि तिथे भागीदारी थांबली. "श्वास सोडा, शेठ!" तो ओरडतो. सोडला. "अजून सोडा!" म्हटलं, अरे, आता आत काही उरलं नाही. शेवटी त्याने दुकानातून दाढीचा फेस आणला. बाहेर आलो तेव्हा पट्टा आत राहिला होता, आणि डिकी धाडकन बंद झाली तेव्हा किल्लीही.

यानंतर तुला वाटेल की लोकांनी आम्हाला बदडलं. पहिल्या दिवशी तसं वातावरण होतं खरं, पण मग गंमत झाली. लोक आपापल्या गाडीला भेटायला येऊ लागले. टपांवर मी पायपुसणी अंथरून वाट केली, त्यावरून चालत जायचं आणि ज्याच्या दाराला थोडी फट असेल त्याने आत सरकायचं. एक कारकून दुपारचा डबा आपल्या गाडीत खातो. एक गृहस्थ घरात खटका उडाला की येऊन मागच्या सीटवर पेपर वाचतात, आणि त्यांची बायको त्यांचा चहा शेजारच्या गाडीतून आत देते. सलूनवाला पुढच्या सीटवर दाढी करून देतो, आरसा आयताच समोर. इतकी माणसं एकमेकांना ओळखायला लागली की विचारू नकोस. आणि साहेबांनी अहवालात काय लिहिलं? मी नक्कल मागून वाचली: "वाहनतळ अखंड भरलेला आहे. एकही वाहनधारक असमाधानी होऊन बाहेर पडलेला नाही." अशी भागीदारी आजवर झाली नाही म्हणे.

आता तुझ्या सोमवारचं. कराराच्या मसुद्यात "कोणतेही बांधकाम करू नये" असं स्पष्ट आहे. सलूनवाल्याने ते वाचलं आणि मान वर करून म्हणाला, "शेठ, बांधायला बंदी आहे. पाडायला कुठाय?" (हे मला सुचायला हवं होतं. जवळजवळ सुचलंच होतं.) त्या जागेला सगळीकडून इमारती आहेत, फक्त एका कोपऱ्यात मागची भिंत गल्लीला लागते, आणि तो कोपरा तुझ्या गाडीच्या डिकीमागचा! सोमवारी सकाळी तेवढी भिंत पाडतोय, साहेबांनी तोंडी मान डोलावली आहे. म्हणजे पहिली निघणार तुझी गाडी. ती निघाली की बाकीच्या निघतील. ती अडली की सगळं अडलं.

पण दारं उघडत नाहीत, म्हणजे डिकीतून आत शिरायचं. मी अनुभव घेतलेला आहे. सलूनवाला शिरेल, पण रिव्हर्स म्हटलं की तो पुढेच जातो. जीपचा ड्रायव्हर अंगाने काटक आहे, पण सरकारी हात खाजगी गाडीला लागत नाही. दोर लावून ओढू म्हणाले, तर मी गिअर टाकलाय, हँडब्रेक ओढलाय, आणि मी गाडी उभी केली की ती उभी राहते. काच फोडू असं एकजण म्हणाला. काचेवर पोट असलेल्या माणसासमोर असं बोलवतं तरी कसं? आपल्या सगळ्या गोतावळ्यात त्या फटीतून जाईल अशी एकच व्यक्ती आहे. तुझ्या वडिलांनी तुझं नाव उगीच काडी ठेवलं नाही.

आणि परीक्षेची काळजी नको. तुझ्या गाडीच्या नाकासमोर जी गाडी अडकली आहे ती लायसनवाल्या साहेबांची आहे. हो, तेच, ज्यांनी मागच्या खेपेला तुला रिव्हर्समध्ये नापास केलं. ते रोज टपांवरून चालत येतात आणि तुझ्या गाडीकडे आशेने बघत बसतात. त्यांनी स्वतः सांगितलं, "बाईंना सांगा, परीक्षा इथेच घेतो. गल्लीत काढून वळवली की पास." भिंतीचं तोंड सात फुटांचं ठेवतोय. तुझी गाडी त्यातून डावीकडे दोन बोटं आणि उजवीकडे हातभर राखून निघते, पुठ्ठ्यावर मी करून पाहिलंय. तू घाबरू नकोस. गल्लीत फक्त एकोणचाळीस जणांची घरची मंडळी बघायला असतील. यजमानांनाही आण, त्यांची खुर्ची पुढे ठेवतो.

तुझा,
भावोजी

ता. क. दुसरी किल्ली आठवणीने आण. पहिली सुरक्षित आहे, पण ती कुठे आहे ते वर आलंच आहे. आणि माझा पट्टाही बघ.

ता. क. दुसरा. एक बारीकशी विनंती. महिना भरतोय, म्हणून करारावर सही सोमवारीच दुपारी आहे, आणि त्या वेळी वाहनतळ पूर्ण भरलेला दिसावा अशी अट आहे. तेव्हा तू पास झालीस, टाळ्या झाल्या, की गल्लीतून वळसा घालून ये आणि लगेच त्याच तोंडातून पुन्हा आत येऊन कोपऱ्यात उभी रहा. इतरांना निघायची घाई असेल, त्यांना आधी काही बोलू नकोस. सही झाली की तू मोकळी. डिकी उघडीच ठेव.

काडे, पत्र चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून या दोन ओळी. ह्यांचं काही ऐकू नकोस. गाडी बाहेर निघाली की थांबायचं नाही, पास-नापास मागून कळेल, थेट आमच्या दाराशी आण. मी बॅग भरून पायरीवर बसलेली असेन. आठ दिवस तुझ्याकडे राहीन, आणि येताना मी चालवीन. पाठ झालंय मला सगळं, रोज टपावर बसून बघतेय ना. आणि गाडी लावायची वेळ आली तर रस्त्यावर लावू.

— ताई