पायाळूचा उजवा पाय

३ नोव्हें. सोमवार
भोरच्या मॅडम म्हणाल्या, रोज लिही. कुठं दुखतं, किती, काय केल्यावर. दहापैकी मार्क द्यायचे. शाळेत मला दहापैकी सात कुणी दिले न्हाईत, आज म्याच दिले. उजव्या पायाला. इथनं पुढं उ.पा. लिहिणार.

एसटीत उभ्यानं गेलो, उभ्यानं आलो. बसलं की ढुंगणापासनं पिंडरीपतूर वीज. मोठ्या डॉक्टरनं फोटो बघितला. कमरेतली गादी सरकून शिरेवर टेकली म्हणे. मी म्हणलं, मग पाय का दुखतो? म्हणाला, "वायर कमरेत दबली की दिवा पायात फडफडतो." ऑपरेशन? म्हणाला, घाई न्हाई, बहुतेकांचं त्याशिवाय बसतं. सहा आठवडे बघू. पण पाऊल लुळं पडलं, न्हाईतर लघवीचं कळंना झालं, तर त्याच दिवशी ये. मग व्यायामवाल्या मॅडमकडं धाडलं.

ठेकेदाराला फोन. कच्छमधनं बोलतो तवा निम्मा वाराच ऐकू येतो. "जेसीबी तुझ्यासाठी उभं ठेवलंय. पंचवीसला ये, न्हाईतर दुसरा ऑपरेटर बसवतो."
सहा आठवडे आणि पंचवीस तारीख. कसं बसवायचं.

४ नोव्हें.
पालथं पडायचं, कोपरावर छाती उचलायची. दहादा. दिसातनं पाच वेळा. आई भात कापून आली, दारातच थांबली. "नागोबा झाला का काय माझ्या पोराचा?"

आईचं म्हणणं वेगळंच. मी पायाळू, उपजताना पाय आधी आलं. आमच्या हिर्डोशीत कुणाची कंबर धरली की माझ्याकडं येतात, मी उ.पा. तीनदा पाठीला लावतो. बारका होतो तवापासनं. आई म्हणते, "लोकांच्या उसणी पायानं वढल्यास. जातील कुठं? साठल्या."
हसलो. मग हसू गेलं. दुखायचं तर त्याच पायात कसं काय?

७ नोव्हें.
उ.पा. ४. वीज कमी. पण कंबर लई लागली, काल एवढी नव्हती. एक बरं करायला गेलो तर दुसरं.
व्यायाम बंद.

९ नोव्हें.
दोन दिवस गोधडीत. उ.पा. परत ७, अंगठ्याला मुंग्या. आई म्हणते नीज. मॅडम म्हणाल्या हाल. मोबाईलवर एक बाबा म्हणतो उलटं लटक. कुणाचं धरू.
घरात पंधरा दिस झाले की मला भिंती खातात. मशीनवर बसलो की समोरचा डोंगर पण बाजूला होतो. हितं पोरं विचारतात, कधी जाणार. बायका विचारतात, कशाला आलाय.

१० नोव्हें. भोर
मॅडम चिडल्या न्हाईत, तेच वाईट. माझे मार्क वाचले. "अरे, पाय कमी आणि कंबर जास्त, हे चांगलं लक्षण होतं! दुखणं पायातून वर सरकत कमरेत आलं, म्हणजे ते परतीला लागलं." म्हणलं, मग म्या बंद केलं ते? "अर्ध्या वाटेवरून त्याला परत पायात धाडलंस."

आता एकट्या उजव्या पायाच्या चवड्यावर उठायचं. दहादा झालं की मशीनचं बोलू. माझे तीन झाले.

येताना डोक्यात एकच. दुखणं असं पायातनं कमरेत जात असंल तर एका माणसातनं दुसऱ्यात का न्हाई जाणार? मग आईचं तरी खोटं कसं? विचारलं असतं तर मॅडम हसल्या असत्या. न्हाई, हसल्या नसत्या. लिहून घेतलं असतं.

१४ नोव्हें.
सकाळ-संध्याकाळ बांधानं चालतो. उ.पा. ३, कंबर ५. चवडा पाच. कंबर दुखली की आता बरं वाटतं. येड लागलं का मला?

१७ नोव्हें.
वरच्या आळीचे तुकानाना आले. भाताचे भारे वाहून कंबर धरलेली, हात गुडघ्यावर.
"पायाळू घरात हाय तर मी भोर कशाला गाठू? लाव पाय."
"नाना, माझाच पाय नासलाय."
"मग दोन नासकी एका जागी येऊ दे!"
मला धीर होईना. नानांचं माझ्यात आलं तर? माझं त्यांच्यात गेलं तर? विचारलं, पायात मुंग्या? लघवी नीट होते?
"तू पाय लाव. तोंड नको लावू."
लावला. एकदाच. नुसता टेकवला. नाना ताठ झाले. "गेलं बघ!"
म्या काहीच केलं न्हाई. म्हणलं, नाना, आता निजू नका, चालत ऱ्हावा.
संध्याकाळी उ.पा. ३. वाढलं न्हाई. कमी पण न्हाई.

१९ नोव्हें.
नाना खळ्यात भात झोडतायत. लांबनं हात केला. त्यांचं कशानं गेलं? पायानं, का चालल्यानं, का जाणारच होतं?
आणि माझं?

२१ नोव्हें.
ठेकेदार: "येतोस का न्हाई, एक सांग." सांगतो म्हणलं.
पाटावर बसून बघितलं, मोबाईलवर वेळ लावून. पंचवीस मिनटं. मग पिंडरी बोलायला लागली. मशीनवर दहा तास, त्यात हादरे.
आई म्हणते, "जाऊ नको, हितं काय उपाशी मरतोस का?" तिला काय सांगू.

२२ नोव्हें. शनिवार
पिशवीत रिपोर्ट हाय आणि कामाचे बूट पण. मॅडम दुपारी एकपतूर असतात. भोर डेपोतनं पुण्याची गाडी कधी पण मिळती, तिथनं पुढं कच्छ.
फाट्यावर आई सोडायला आली, फडक्यात भाकरी. गाडीला उशीर. खांबाला बोट टेकवून चवड्यावर उठत होतो. आई मोजत होती, जोरात, देवाचं नाव घेतल्यागत. काल आठ झाले होते. "नऊ," म्हणली, पिंडरी थरथरली, आणि वळणावर गाडी दिसली. आई मोजायची थांबली. म्या पाय खाली टेकवला.

एसटीत लिहितोय, अक्षर हालतंय. खिडकीची सीट रिकामी हाय. कंडक्टर दोनदा म्हणला, बस की.
अजून उभाच हाय.