जेवलीस का

आई, नगरच्या कोर्टात तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा मी आठवीत होते. आता तुझ्या तेव्हाच्या वयाला मी मागे टाकलं आहे, तरी चार माणसांत बोलायला उठले की आधी तुझा आवाज आठवून घेते.

बाबांचं घर सोडून आपण पुणतांब्याला मामाकडे आलो आणि तू बालवाडीत शिकवायला लागलीस. मग बाबा रोज बालवाडीसमोर येऊन उभे राहू लागले. शिवी नाही, अंगावर येणं नाही. फक्त रस्त्यापलीकडून मोठ्यांदा विचारायचे, "जेवलीस का?" मुलांना शिकवता शिकवता तुझं गाणं मध्येच तुटायचं. कोपरगावच्या कोर्टाने मनाई हुकूम दिला की बाबांनी घराच्या नि बालवाडीच्या आसपास फिरकायचं नाही. त्यावर त्यांनी नगरला अपील केलं. हुकूम उठला असता तर ते परत येऊन उभे राहिले असते, आणि हा तमाशा पुन्हा सुरू झाला तर दुसरी बाई बघू, असं बालवाडीवाल्यांनी तुला सांगून ठेवलं होतं.

कोर्टाबाहेर मामा तुला हसवायला बघत होता. "अक्का, दाजींच्या वकिलाचा कोट बघ. लग्नाला आल्यावानी आलाय."

"गप रं. त्याचं पोट हाय त्याच्यावर."

आत तो वकील म्हणाला, "नवऱ्याने बायकोला जेवलीस का विचारणं हा छळ असेल, तर साहेब, या जिल्ह्यातल्या एकाही नवऱ्याला घरी जाता येणार नाही." सगळे हसले. मामासुद्धा हसला, मग त्याने मान खाली घातली. आपल्या वकीलबाई उठत होत्या, तेवढ्यात न्यायाधीशांनी थेट तुलाच विचारलं, "बाई, यात त्रास कसला?"

तू उभी राहतेस. पदर सारखा करत नाहीस, डोळे पुसत नाहीस. बालवाडीत बोलतेस तशीच, सावकाश बोलतेस.

"साहेब, घरात असताना ते असंच इचारायचे. व्हय म्हनलं, की माझ्याआधी गिळलंस व्हय, म्हनून मारायचे. न्हाई म्हनलं, की उपाशी राहून गावाला दावती का, म्हनून मारायचे. मग बालवाडीपुढं येऊन इचारायला लागले, तवा लेकरं म्हनायची, बाई, सांगा ना त्यांला, जेवला का. काय सांगावं ते मला अजून बी कळत न्हाई."

कुणी हसलं नाही. वकील कागद चाळत खाली बसला.

बाहेर आल्यावर मामा मात्र तुझ्यावर उखडला. "एवढं भोगलंस, तरी 'ते' म्हनती? 'तो' म्हन की!"

"त्यांच्यापायी मी माझी जीभ कशाला इटाळू?" तू म्हणालीस आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागलीस. मी लिहायला लागल्यापासून कितीतरी शब्द जुळवले, आई. इतकं सरळ वाक्य मला एकदाही साधलेलं नाही.

पुढच्या तारखेला अपील फेटाळलं गेलं. त्या दिवशी तू माझा हात धरून कोर्टाच्या फाटकाकडे निघालीस, ताठ मानेने, आणि मी मागे वळून पाहिलं. बाबा पायऱ्यांवर एकटेच बसले होते. रडत होते. त्यांच्याकडे धावत जावं, असं मला वाटलं. गेले नाही. पण तू जिंकलीस त्या दिवशी माझा जीव थोडासा त्यांच्यापाशी घुटमळला, हे मी तुला कधी कळू दिलं नाही. म्हणूनच हे पत्र तुझ्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही.