हिशेब कुणी मागत नाही

डब्लिन, ओहायो
१२ ऑक्टोबर १९८६

ती. दादास, समुद्रापलीकडून नमस्कार.

अथ तक्रार. एअरोग्रामला तू इतका डिंक फासतोस, की याही वेळी उघडताना आशीर्वादाची ओळ फाटली. गेला आठवडा मी आशीर्वादाविना हिंडतो आहे.

लायब्ररीतून अठराव्या शतकातल्या एका स्कॉटिश सुताराची हकिगत आणली. सुतारसंघाचा हा प्रमुख लोकांच्या घरांना कुलुपं बसवी आणि मग बनावट किल्ल्यांनी तीच घरं फोडी. परदेशी पळून गेल्यावर त्यानं स्वतःच्या मालमत्तेची यादी केली. घरं, अवजारं, येणं, देणं, सगळं मांडलं. चोरीचा पैसा तेवढा कुठे नाही. मोठा टापटिपीचा माणूस!

इथल्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार मी. सत्यनारायणही मीच सांगतो. परवा अध्यक्षाला, कुमारला म्हटलं, "अरे, एकदा हॉल बांधायच्या फंडाचा हिशेब चेक करा."

तो हसला. "काका, तुम्ही आमची पूजा सांगता. तुमचा काय हिशेब चेक करायचा?"

जूनमध्ये माझी नोकरी गेली. मृणालिनीला, स्वतःच्या बायकोला, सांगितलेलं नाही. दर महिन्याला त्या फंडातून माझ्या नावे चेक लिहितो आणि घरी पगार म्हणून नेतो. सही करताना काहीच वाटत नाही.

हे पत्र टाकणार नाही, म्हणूनच लिहितोय. पकडला जाईन ही धास्ती नाही, दादा. रविवारी वार्षिक सभा आहे. तिथे कुणी काही विचारणार नाही, आणि सोमवारी मी पुन्हा चेक लिहीन, याची भीती वाटते.

तुझा धाकटा,
श्रीरंग