बिनवासाचा साबण

९ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! मिशिगनच्या या उत्तर टोकाला बर्फ नुकताच धरलाय, पण रस्ते मोकळे होते. डेल फाटकापाशी उभा राहून विमान उतरवत असल्यासारखे दोन्ही हात हलवत होता. त्याच्या बायकोने, कॅरिनने, मांस-बटाट्याच्या गरम पॅस्टी पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, आधी खा, रडायचं असेल तर मागनं रड. मी दोन खाल्ल्या, रडले नाही. वसंतात माझा नवरा वॉल्ट गेला तेव्हापासून रडू येतच नाही.

डेल वॉल्टचा थोरला भाऊ. त्याचं म्हणणं, वॉल्टचं हरणांच्या शिकारीचं मचाण यंदा रिकामं ठेवायचं नाही, तिथे मी बसायचं. त्यासाठीच आले आहे, आणि जमलं तर इथेच राहायचं ठरवून.

आमच्या कुत्रीने, टॅफीने, वॉल्टची लोकरी टोपी तोंडात धरूनच गाडीतून उडी मारली. ती टोपी आता तिची. माझ्याकडे त्याचा चौकड्यांचा शर्ट आहे, उशीच्या अभ्र्यात, न धुतलेला. संध्याकाळी एकदाच नाक खुपसते. एकदाच, म्हणजे पुरेल.
टॅफी पायांवर झोपली आहे. पाय ऊबदार.

१० नोव्हेंबर
आज शाळा होती. डेल म्हणाला, हरणाला तू दिसलीस तर ते विचार करतं. तुझा वास आला तर विचार करत नाही, पळतं. म्हणून कॉफी बंद, कांदा बंद, माझी क्रीमं कपाटात. आधी मागच्या लाकडी वाफघरात बसून घाम काढायचा, मग बिनवासाच्या साबणाने अंग घासायचं. शिकारीचे कपडेही त्याच साबणाने धुवून, देवदाराच्या डहाळ्यांसोबत झाकणाच्या पेटीत. बूट फक्त जंगलात घालायचे. खिशात पावडरीची बाटली; दाबली की वारा कुठे चाललाय ते दिसतं.

त्याने माझी कॉलर हुंगली आणि म्हणाला, बये, तू तर अख्खं अत्तराचं दुकान आहेस! कॅरिन म्हणाली, लक्ष देऊ नकोस, हा आमच्या लग्नातसुद्धा पाव्हण्यांना असाच हुंगत होता. खूप दिवसांनी हसले.

१२ नोव्हेंबर
हंगामाच्या आठवड्यात या घरात दिसेल तो कपडा बिनवासाच्या साबणात जातो. कॅरिन माझ्या खोलीतले कपडे न्यायला आली आणि तिने अभ्राही रिकामा केला. चौकड्यांचा, शिकाऱ्याचा शर्ट. तिला कसं कळणार?

दोरीवर तो गोठून फळीसारखा ताठ झाला होता. मी नाक लावलं. वॉल्ट नव्हता. साबणही नव्हता.

कॅरिन ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, जोनी, तुझी शपथ, आता विचारल्याशिवाय एक चिंधीही उचलणार नाही. मीच तिची समजूत घातली. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी बराच वेळ वाट पाहिली.

१३ नोव्हेंबर
वाफघरात खूप वेळ बसले. मग घासत राहिले – मान, काखा, बोटांच्या बेचक्या. बरं वाटलं. त्याचा वास गेला, मग माझा तरी कशाला, असं काहीसं मनात आलं.

बाहेर आले तर टॅफी माझ्यावर गुरगुरली. डेल खूश. म्हणाला, शाब्बास गं, घरच्या कुत्रीलासुद्धा पत्ता लागला नाही!

१५ नोव्हेंबर
हंगामाचा पहिला दिवस. वारा माझ्या पाठीकडून थेट पायवाटेवर जात होता, म्हणजे सगळं फुकट जायला हवं. पावडरीचा ढग तरंगत गेला आणि समोर आलेल्या हरिणीच्या नाकावरून पसरला. तिने मान वर केली नाही.

मी खाली उतरले. शिडी करकरली. हरिणी जवळ आली आणि ओल्या नाकाने माझी बाही ढकलून मागचं गवत खाऊ लागली. झाडाचा बुंधा बाजूला सारावा तशी. तिच्या डोळ्यांत फांद्या दिसत होत्या. मी दिसत नव्हते.

बंदूक खांद्यावरच राहिली. दया आली असं नाही. काहीच आलं नाही.

१६ नोव्हेंबर
कॅरिनने टेबलावर दोनच ताटल्या मांडल्या. मी बोलले तेव्हा दचकली, म्हणाली, अगं बाई, विसरलेच की! जेवणात पुन्हा विसरली. माझ्या पुढून मीठ उचललं, माझ्या हाताला हात लागला, आणि बोलत राहिली.
टॅफी पायांवर येत नाही. खुर्चीला वळसा घालावा तशी जाते.

१७ नोव्हेंबर
कॉफी प्यायले. कांदा कच्चा खाल्ला. लसूण मनगटांवर चोळला. घाम येईतो कोठाराभोवती पळाले. मनगट चाटलं, हुंगलं –
गार पाणी. नुसतं गार पाणी.
भीती वाटायला हवी. ती कुठे वाटते ते शोधते आहे.

१८ नोव्हेंबर
चुलीपाशी बसले होते. डेल कॅरिनला म्हणाला, जोनी गेली वाटतं, सांगून तरी जायचं. ती म्हणाली, शर्टाचं मनाला लागलं असेल तिच्या, माझंच चुकलं. आणि डोळे पुसले.
मी डेलला हाक मारली. मग ओरडले.
तो उठला. म्हणाला, वारा आत येतोय. खिडकी लावली.

माझी गाडी दारातच उभी आहे. तिच्याशेजारून दोघं जातात, येतात –

१९ नोव्हेंबर
एकच वस्तू उरली. टोपी. टॅफी पाणी प्यायला गेली तेव्हा टोपलीतून उचलली, कानांपर्यंत ओढली. लोकर, धूर, त्याची टाळू. वॉल्ट.

टॅफीने मान वर केली. शेपूट. धावत आली, वॉल्टसाठी कण्हायची तशी कण्हत. मी गुडघ्यांवर बसले, हात पसरले. इथे आहे मी. ये. टॅफी, मी –
तिने टोपी ओढून काढली. टोपलीत नेली. तिच्यावर हनुवटी ठेवून झोपली.

आता थोडी भीती वाटते. बरं वाटतं, वाटतंय म्हणून.

नंतर, टेबलापाशी
कॅरिन धुण्याची टोपली घेऊन आली आहे. टॅफीखालून टोपी उपसली. आत टाकली. मी नको म्हणाले. नको, कॅरिन, नको –
आता इकडे. माझ्यासमोर. माझ्या अंगातला स्वेटर बघते आहे.
डेलला विचारते आहे, कुणाचा रे हा, इथे खुर्चीवर पडलाय?
तो म्हणतो, काय माहीत, टाक धुवायला.
तिने बाही धरली. माझा हात आहे तिच्यात, कॅरिन, माझा हात अजून –