शुलामिथचा डोळा आणि माझी त्रेचाळीस माणसं

३ जानेवारी १९९९, अश्केलोन, इस्राएल
बायकोच्या, शुलामिथच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. १८ ऑगस्ट! तोवर तिनं तांदूळ निवडायचे कसे? कालच्या भातात दोन खडे. तारखेच्या पत्रासोबत एक कार्ड: तारीख मान्य असल्यास महिन्याच्या आत सही करून परत पाठवा. मान्य नाही. पाठवणार नाही. ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांनी कार्डं पाठवावीत.

४ जानेवारी
नात लिराझ आली. युनिव्हर्सिटीत पेपर लिहिते आहे. ओळखीपाळखी हेही भांडवलच, असं काही प्रोफेसर म्हणतात म्हणे. म्हटलं, शाबास, हे मी सातवी नापास असून ओळखून आहे. तिच्या हिब्रूत आजोबा म्हणजे सबा. म्हणाली, सबा, माझा पेपर त्यांच्या विरुद्ध आहे. ज्याच्या ओळखीचे सगळे रांगेतच उभे, त्याला त्या ओळखींचा काय उपयोग? वर, नाती राखायला राबतात बायका आणि मिरवतात पुरुष. पोर हुशार, पण व्यवहार शून्य.
वहीत ओळखीच्यांची नावं लिहिली. त्रेचाळीस भरली. नावं शुलामिथनं सांगितली, फोन नंबरही तिलाच पाठ. पण ओळख माझी.

७ जानेवारी
ओळखीनं तारीख अलीकडे आणायचा बेत अव्राहामला सांगितला. ठाण्यापासूनचा मित्र. म्हणाला, बिन्यामिन, तुझा एवढा हात पोचतोय तर माझ्या डोळ्याचंही बघ की. नाही म्हणवेना.

१२ जानेवारी
वहीतल्या सुझॅनचा जावई यिगाल रोज इस्पितळाच्या आत जातो! कुठल्या खात्यात, ते विचारलं नाही. आत जातो, पुरे. घरी गोड पोह्यांचा मलिदा ठेवायचा, प्रार्थनेला सगळ्यांना बोलवायचं, तिथंच यिगालला गाठायचं. शुलामिथ म्हणाली, अहो, एलियाहू हन्नाबी संदेष्ट्याचा नवस फिटल्यावर मलिदा करतात, काम व्हायच्या आधी नव्हे. म्हटलं, अ‍ॅडव्हान्स समज.

१९ जानेवारी
मलिदा झाला. शुलामिथनं चाचपडत पोहे भिजवले, नारळ खवताना बोट खवलं. सगळ्यांना फोनही तिनंच केले. प्रार्थनेला पुरुष दहा लागतात, आले सव्वीस. माझा शब्द! त्यातल्या पाच जणांनी मलाच आपापल्या तारखांचं बघायला सांगितलं. सहावा दुसऱ्यांदा पोहे मागत होता.
यिगाल धुतलेल्या चादरी पोचवतो. मागच्या दारापर्यंत. डॉक्टर एकदा लिफ्टमध्ये दिसला होता म्हणे. तरी विचारतो म्हणाला. सुरुवात चांगली आहे.

२ फेब्रुवारी
यिगालचा फोन नाही. कार्डाची मुदत आज संपली. छातीत धडधड. गॅस असावा.

५ फेब्रुवारी
यिगालनं नर्सला विचारलं. ती म्हणाली, कार्ड आलं नाही तर ती तारीख दुसऱ्याला जाते.
धावत इस्पितळात. खिडकीत एफ्रत नावाची मुलगी. तिला वही दाखवली. तिनं नावं वाचली आणि म्हणाली, आजोबा, यातले बरेच जण माझ्याच यादीत वाट बघतायत. मग पुढच्याला हाक मारली.
लिराझला हे कळता कामा नये. पेपरात घालेल.

१७ फेब्रुवारी
नवं पत्र आलं. ९ फेब्रुवारी २०००.
शुलामिथनं पत्र डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, मग माझ्याकडे दिलं. वाचा ना, म्हणाली. वाचू लागलो. तिचं बोट अजून बांधलेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, लवकरच.
ती रडली. म्हणाली, मी उगाच तुम्हाला बोलत होते, तुमच्या ओळखी कामाला आल्या हो. मग चाचपडत फोनपाशी गेली आणि एकेकाला आनंदाची बातमी दिली. नंबर सगळे पाठ. मी वायर काढायला उठलो तोवर तिचे एकोणचाळीस फोन झाले होते.
अव्राहाम उद्या सकाळी आपले कागद घेऊन येतोय. म्हणाला, मलिद्याचे पोहे मी आणतो.