कोपऱ्यातल्या बाईचा चेहरा

बाबा, तुमच्या त्या चित्रातल्या डाव्या कोपऱ्यातल्या बाईचा चेहरा माझ्या हातून पुसला गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. ती कोण होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलंय, आणि कळल्यापासून डोकं नुसतं भणाणून गेलंय. तुमच्यावर रागवावं की स्वतःवर, तेच समजत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं सोपं पडतं. तसं तुम्ही जिवंत असतानाही कधी उलटून बोलला नाहीत म्हणा.

ते चित्र घरी आलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुम्ही राबायचे त्या कापसाच्या जिनिंग गिरणीचं, आपल्या जिनाचं, जुनं ऑफिस पाडायला काढलं होतं आणि तिथलं मोडकं सामान ज्याला हवं त्याने न्यावं असं सांगितलं होतं. कोणी खुर्ची आणली, कोणी पंखा. तुम्ही हातगाडीवर शेठला आडवा बांधून आणलात. कापसाच्या गंजीपुढे खुर्चीवर बसलेला जिनाचा मालक शेठ, डोक्याला फेटा, हातात काठी, आणि मागे कोपऱ्यात डोक्यावर टोपलं घेतलेली एक कामकरी बाई, अंगठ्याएवढी. भोवती ती नक्षीची सोनेरी फ्रेम, तिच्यावर वेली काय, द्राक्षं काय! आपल्या दोन खोल्यांत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या समोरच्या भिंतीवर तुम्ही तो शेठ टांगताय आणि आई कमरेवर हात ठेवून उभी आहे. "बाप्पा! जनमभर त्याच्याच जिनात राबले, आता घरातबी तोच पाह्याचा का?" तुम्ही तोंडातला खिळा काढून म्हणालात, "फ्रेम चांगली हाये." एवढंच. आख्ख्या मोहल्ल्यानं तुम्हाला चिडवलं, तरी तुमचं उत्तर तेच.

जयंतीच्या आधी घराला चुना लागायचा, तेव्हा तुम्ही ते चित्र उतरवून मांडीवर घ्यायचे आणि सरकीच्या तेलाचा बोळा फिरवायचे. जिनात लाकडाला तेल, कातडी पट्ट्याला तेल, दाराच्या बिजागरीला तेल, मग यालाही तेल. तेल लावलं की वस्तू टिकते, हा तुमचा हिशेब. सुरुवात नेहमी डाव्या कोपऱ्यापासून, शेठची पाळी शेवटी. मी बाजूला बसून पाहायचो, पण कोपऱ्यापासूनच का, हे कधी विचारलं नाही. दरवर्षीच्या त्या तेलावर चुलीचा धूर बसत गेला आणि चित्र काळंठिक्कर पडलं. तुम्ही मात्र दरवर्षी म्हणायचे, "पाह्य, कसं चमकून राह्यलं!"

तुम्ही मला जन्मात एकदाच मारलंत, तेही या चित्रापायी. रबरी चेंडू कोपऱ्यावर लागला होता, काच नव्हती, थोडा पोपडा उडाला. तुमची पाचही बोटं माझ्या गालावर उमटली. शेठला चेंडू लागला म्हणून बापानं पोराला मारलं, ही गोष्ट मी मनात धरून बसलो. पुढे आगारात नोकरीला लागलो, बसगाड्यांना रंग द्यायला, सभांना जायला लागलो, चार भाषणं ऐकली आणि एका दुपारी जेवताना तुम्हाला ऐकवलं, "तुमच्या अंगातली गुलामी जाणार नाही. मालकाला भिंतीवर लावून तेल चोळता!" तुम्ही भाकरीचा घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं की घासच खायला उघडलंय. काय ते आज नक्की सांगता येत नाही, आणि तेच मला छळतंय.

रिटायर झाल्यावर हात शिवशिवत होते. तुम्ही गेल्यावर माळ्यावर टाकलेलं चित्र खाली काढलं. फ्रेमचा एक कोपरा तुटला होता, तिथे गाडीच्या पोच्याला भरतो तशी लांबीची पुट्टी भरली, सुरीनं वेल कोरली, घासली, सोनेरी रंग मारला. माझी सुनबाई बघून मला म्हणाली, "बाबा, लग्नाच्या हॉलचं गेट दिसतं." दिसतं खरं. मग चित्राकडे वळलो. तीस वर्षं बसचा जुना रंग ज्याने उतरवला त्याला थिनरशिवाय दुसरं काय सुचणार? बोळा फिरवला तर फेटा गुलाबी निघाला, गंजीतला कापूस पांढरा निघाला, मला केवढा हुरूप आला! डावा कोपरा सगळ्यांत काळा होता. तिथे बोळा जास्त भिजवला, जास्त दाबला. बोळ्यावर गव्हाळ डाग आला तो मला मळ वाटला. हात काढला तेव्हा लुगडं होतं, टोपल्यावरचा हात होता, आणि तोंडाच्या जागी कॅनव्हासचे दोरे. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण मी म्हटलं, मरू दे, शेठ तर साफ निघाला!

दोन दिवसांनी दुसरबीडहून आत्याचा फोन. चित्राला हात लावलाय हे तिला सुनबाईकडून कळलं होतं. "साफ केलं म्हने तू? आता माय नीट दिसत असन नाही?" मी म्हटलं, "कोनती माय, आत्या?" ती हसली. "कोनती म्हंजे? माही माय. तुही आजी. टोपलंवाली. तुले दादानं नाही सांगतलं?"

मग तिनेच सांगितलं. चित्र काढायला बाहेरगावचा माणूस आला होता, त्याला मागे एक बाई उभी हवी होती, म्हणून जिनात राबणाऱ्या आजीला चार दिवस टोपलं घेऊन उन्हात उभं केलं. पुढच्याच साली आजी गेली. तिचा फोटो कधी निघालाच नाही. आत्या तेव्हा आठ वर्षांची, तुम्ही चौदा-पंधराचे. जिनात लागल्यावर ऑफिसच्या भिंतीवर तुम्हाला तुमची आई दिसली. इतकी वर्षं तुम्ही काही ना काही निमित्तानं त्या ऑफिसात जायचे, हेही आत्यानं सांगितलं. मी विचारलं, मग आम्हाला का नाही बोलले? ती म्हणाली, "मले काय माहीत बाप्पा. पोरगं मोठं झालं की सांगतो म्हने. मग एक डाव म्हने, आता नाही सांगत, राहू दे." कधी म्हणाले, कशावरून म्हणाले, ते तिला आठवत नाही. मी खोदून खोदून विचारलं. नाहीच आठवत.

बाबा, एक शब्द! 'ही माझी माय आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं? आईनं टोमणे मारले नसते, मी तो चेंडू फेकला नसता, आणि जेवताना ते बोललो नसतो. की मी बोललो म्हणूनच तुम्ही गप्प झालात? दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतो आणि फिरून तिथेच येतो. त्यात आत्या म्हणाली, "येत्या रविवारी येतो मी. डोये गेले तर मंग काय पाहू? एक डाव मायले पाह्यतो." रविवारला पाच दिवस होते.

पुसायच्या बोळ्याच्या चिंध्या उन्हात धरून पाहिल्या, जसा काही चेहरा त्यांत सापडणार होता. मग ब्रश घेतला. माझा हात अक्षरांचा. बसच्या पाटीवरचं 'खामगाव–लोणार' डोळे मिटून काढीन, पण नाक कुठे काढलंय जन्मात? आजीला मी पाहिलेलं नाही. आधी आत्याचा चेहरा आठवून काढला, तो बाहुलीसारखा झाला, पुसला. कोरं ठेवून खरं सांगावं असंही ठरवलं. सांगायला फोन उचलला आणि तिच्याकडे भाजीला काय भाव आहे ते विचारून ठेवून दिला. असा मी शूर! शनिवारी पुन्हा बसलो आणि काही न ठरवता हात चालला. भुवया जवळ, खालचा ओठ जाड, गालाला खड्डा. झाल्यावर लांबून पाहिलं तर तुम्ही होतात. मिशा नसलेले, डोक्यावर पदर घेतलेले तुम्ही. माझ्याजवळ तुमच्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

आत्या आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. चष्मा पुसला, खुर्ची ओढून चित्राला नाक लागेल इतकी जवळ बसली. मग म्हणाली, "माय दादासारखी काऊन दिसून राह्यली बे?" सुनबाई माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात आत्याच म्हणाली, "अशीच दिसनार म्हना. दादा मायवरच गेलता." आणि रडायला लागली, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. तिला खरंच पटलं, की माझी लाज राखायला ती तसं म्हणाली, हेही मला कळलं नाही.

हे कागद मी टपालात टाकणार नाही, टाकायला पत्ताच नाही. पण एक गोष्ट सुनबाईलाही सांगितलेली नाही. जाताना आत्यानं मला दारापाशी थांबवून विचारलं, "खरं सांग, तेलाखाली असंच होतं ना तोंड?" मी म्हटलं, "हाव आत्या, मळ निघाला अन् हेच निघालं." खोटं बोललो, बाबा. आणि बोलताना मला बरं वाटलं.